पदरातली भाकर

देवकाबाई माझ्या दारात पहिल्यांदा आल्या त्या डोळे मिटून.

जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन साताऱ्याकडून थेट भंडारा जिल्ह्यात आलेली मी, ओळखीचं एक माणूस नाही, आणि मुळात स्वभाव भित्रा. फॅक्टरीचा भोंगा वाजला तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. हे सकाळच्या पाळीला गेले होते. तेवढ्यात मागचं दार कुणीतरी कोपरानं ढकललं. बघते तर उंबऱ्यात एक भलीथोरली बाई उभी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळे घट्ट मिटलेले, आणि फडक्यात धरलेली काचेची गरम नळी माझ्या नाकासमोर केलेली.

“पाय बरं पोरी, रंग कोनता हाय?”

मला वाटलं, हा इकडचा काहीतरी तोडगा असणार. नव्या सुनेला असं काही दाखवतात की काय! मी भिंतीला टेकून कसंबसं म्हटलं, “हिरवट आहे.”

“पक्का हिरवा? पिवळी झाक नाही ना?”

“जराशी आहे.”

“बापा!” म्हणत त्या मटकन उंबऱ्यातच बसल्या. मग एकेक करून दोन्ही डोळे उघडले, नळीकडे न बघता ती बाजूला ठेवली आणि माझं नाव, गाव, माहेर सगळं विचारून घेतलं. जाताना म्हणाल्या, “माह्यानं पाहणं होत नाही. भेव लागते. रोज तूच सांगत जाय.”

त्या नळीत काय होतं ते मला संध्याकाळी ह्यांच्याकडून कळलं. शेजारच्या देवकाबाईंना साखरेचा आजार होता. त्या काळी घरच्या घरी लघवी तपासायची हीच रीत होती. निळ्या औषधात चार थेंब टाकायचे आणि नळी स्टोव्हवर तापवायची. निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर बरं, पिवळी झाली तर सांभाळा, आणि विटकरी झाली तर डॉक्टरांकडे धावा. कळल्यावर मी हात साबणानं पुन्हा पुन्हा धुतले. पण दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी कोपराचा धक्का बसला आणि मी मुकाट्यानं रंग सांगितला. पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

देवकाबाईंचे यजमान वासुदेवराव फॅक्टरीत मशीनवर होते. मुलं नागपूरला शिकायला. घरात दोघंच, पण स्वयंपाक दहा माणसांचा. पाळीवरून येणारा कुणीही त्यांच्या दारावरून उपाशी गेला नाही. बाई अंगानं प्रशस्त, आवाजानं त्याहून प्रशस्त. “मी जातो, मी येतो” असं आमच्याकडच्या पुरुषांसारखं बोलायच्या. पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. भितात म्हणावं तर तसंही नाही. एकदा न्हाणीत साप निघाला तेव्हा सगळ्या ओळीतल्या बायका ओरडत बाहेर पळाल्या आणि देवकाबाई हातात मुसळ घेऊन आत गेल्या. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती भीती माहेराहून आली होती.

त्यांच्या आईलाही हाच आजार. अंगानंही अशीच. आधी गोळ्या, मग इन्शुलिनची सुई, मग पायाच्या बोटाला झालेली जखम, मग नागपूरच्या दवाखान्यात गुडघ्याखाली कापलेला पाय. त्यानंतर म्हातारी वर्षभरही राहिली नाही. हे सगळं देवकाबाईंनी जवळ बसून पाहिलं होतं. त्यामुळे त्यांच्या मनानं एक हिशेब पक्का करून टाकला होता. “सुई लागली का मानूस गेला समज,” त्या म्हणायच्या. मी कितीही सांगितलं की सुईनं पाय जात नाही, आजारानं जातो, तरी त्या मान हलवायच्या. “तू पाह्यलं का? मी पाह्यलं.”

मी आल्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांच्या नळीचा रंग पिवळ्याकडून नारिंगीकडे सरकायला लागला. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांकडे त्या जायच्या. सोबतीला मला नेलं. डॉक्टर शांत, समजावून सांगणारे होते. त्यांनी गोळी वाढवली आणि म्हणाले, “वजन उतरवायला हवं. भात कमी करा, रोज चाला. थंडी सरेपर्यंत बघू. नाहीतर मग सुई सुरू करावी लागेल.”

सुईचं नाव निघताच देवकाबाईंनी माझं मनगट पकडलं. बांगड्या रुतल्या, तरी मला सोडवून घेववेना.

डॉक्टर पुढे सांगत होते. “चालून आलात की भूक लागेल. त्या भुकेला फसू नका. चाललेलं सगळं परत खाल्लंत तर काटा जागचा हलणार नाही. आणि हो, गोळी घेतली की वेळेवर जेवायचं. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही.”

दोन्ही वाक्यं मी ऐकली. देवकाबाईंनीही ऐकली असणार, त्यांचे कान शाबूत होते. पण भ्यालेल्या माणसाच्या मनात एका वेळी एकच वाक्य मावतं. त्यांनी पहिलं ठेवलं आणि दुसरं तिथंच दवाखान्याच्या बाकावर सोडून दिलं.

चालायचं तर ठरलं, पण चालायचं कसं? वसाहतीत रस्ते सरळ आणि स्वच्छ होते, पण नुसतं चालण्यासाठी चालणारी बाई तोवर कुणी पाहिली नव्हती. “रिकामी बाई रस्त्यानं फिरून राहिली, लोक म्हंतीन घरात भांडण झालं,” देवकाबाईंना चिंता पडली. त्यावर त्यांनी तोड काढली. हातात पिशवी आणि पिशवीत तेलाची रिकामी बरणी. कुणी विचारलं, “कुठं चालली?” की उत्तर, “दुकानात.” पाळी सुटायच्या वेळी एका टोकाकडून निघायच्या, भरायच्या वेळी दुसऱ्या टोकाकडून. वासुदेवराव मला म्हणाले, “वहिनी, सगळ्या कॉलनीले वाटते का आमच्या घरी तेल पितेत.”

चालून आल्या की त्या माझ्या मागच्या पायरीवर बसायच्या, घामानं निथळत, आणि आमचा रोजचा वाद सुरू व्हायचा.

“भूक लागली का?” मी विचारायची.

“लागली तं.”

“मग खा ना अर्धी भाकर. एवढं चालून आलात.”

“वा! फिरली ते खाल्लं, तं मंग कायले फिरली मी? इकडून काढाचं, तिकडून भराचं. मले का पागल समजली?”

“अहो, पण अंगात काही नको का?”

“अंगात लय हाय,” आपल्या दंडाकडे बघत त्या म्हणायच्या. “आधी हे सरू दे.”

ऐकायला मुद्दा बिनतोड होता. पण त्यांच्या बोटांना सुटलेला कंप मला दिसायचा. कधी कधी बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या, कपाळावर गार घाम फुटायचा. “काही नाही, फिरल्यानं होते,” म्हणून उठून जायच्या. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “बारीक होताहेत, चांगलंच आहे.” वजन उतरत होतं हे खरं. दवाखान्याच्या काट्यावर चढताना देवकाबाई आधी वहाणा काढायच्या, मग जोडवी, मग बांगड्या. एकदा कंपाउंडरनं हात जोडून सांगितलं की बाई, कुंकू तेवढं राहू द्या. काटा खाली गेला की त्यांचा चेहरा उजळायचा, पण घरी येईपर्यंतच. “अजून थंडी बाकी हाय,” त्या म्हणायच्या. सुई त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

दिवाळी झाली आणि एक दिवस त्या ठरवून आल्या. “मी भावाकडं जातो. धानाची कापनी चालू हाय. पिशवी घेऊन फिरन्यापेक्षा इळा हातात घेतो. दिवसभर वाकली का बघ कसं उतरते ते.”

त्यांचं माहेर लाखनीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. तळ्याखालची भाताची शेती. लहानपणी त्या कापणीत पटाईत होत्या म्हणे. वासुदेवरावांना एकटीला पाठवायचा धीर होईना. ह्यांची नेमकी रात्रपाळी लागली होती आणि मला क्वार्टरमध्ये एकटीनं झोपायची भीती वाटायची. म्हणून मीही निघाले. वसाहतीजवळच्या शहापूरला हमरस्त्यावर बसची वाट बघत उभ्या होतो तेव्हा ट्रकमागून ट्रक धुरळा उडवत जात होते आणि देवकाबाई माहेरी निघालेल्या मुलीसारख्या खूश होत्या. इतकं मोकळं त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

भावाला ते मुळीच रुचलं नाही. “बाई, फॅक्टरीवाल्याची बायको तू, मजुराईच्या संगं कापशीन? लोक मले काय म्हंतीन?”

“म्हन दवा हाय म्हनून,” देवकाबाईंनी उत्तर दिलं आणि कोपऱ्यातला विळा उचलला.

सकाळी आम्ही शेतावर गेलो. इकडे शेताच्या एकेका बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. पिवळ्याधमक बांधीत बायकांची रांग लागली होती. त्यांची म्होरकी चंद्रभागा नावाची एक सुरकुतलेली म्हातारी. तिनं देवकाबाईंना लहानपणापासून पाहिलेलं. आपल्या शेजारची जागा तिनं त्यांना दिली. मी धुऱ्यावर बसून राहिले. देवकाबाईंचा हात अजून विसरला नव्हता. मुठीत धान धरायचं, विळा ओढायचा, कापलेलं मागे आडवं टाकायचं, हे सगळं न बघता चाललं होतं.

दुपारी सगळ्या बायका धुऱ्यावर येऊन बसल्या. फडकी सुटली. तांदळाची भाकर, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. तिथली एक रीत मला तेव्हा कळली. एका रांगेत कापणाऱ्या बायका जेवायलाही एका रांगेत बसतात, आणि रांगेतल्या प्रत्येकीनं भाकरीला हात लावल्याशिवाय कुणी घास घेत नाही. कापायला सोबत तर खायला सोबत. पहिल्या दिवशी देवकाबाईंनी “पोट बरोबर नाही” सांगितलं. चंद्रभागेनं मान डोलावली आणि बाकीच्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. चंद्रभागेनं उघडलेलं फडकं परत बांधलं. तिच्याकडे बघून शेजारणीनं बांधलं. मग पुढचीनं. बघता बघता सगळी रांग फडकी पुढ्यात घेऊन गप्प बसली.

“काहून व? खा ना तुमी,” देवकाबाई म्हणाल्या.

“कापनारी उपाशी बसन तं आमच्या घशाखाली कसं उतरन?” चंद्रभागा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “तू खाय, मंग आमी खातो.”

देवकाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतली भीती मला स्पष्ट दिसत होती. सकाळपासून घाम गाळून जे उतरवलं ते एका भाकरीनं परत येणार, काटा हलणार नाही, थंडी सरणार आणि सुई लागणार. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला उपाशी बसलेल्या बायका. त्यांतल्या दोघी अंगावर पाजणाऱ्या. शेवटी त्यांनी माझ्यासमोरची भाकर उचलली, तुकडा मोडला, तोंडाशी नेला. रांगेनं सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्या जेवायला लागल्या. मलाही बरं वाटलं, मीही जेवले.

जेवण आटोपून बायका परत बांधीत उतरल्या. ऊन कलत होतं. मी धुऱ्यावर पाय सोडून बसले होते. थोड्या वेळानं कुणीतरी हसतंय असं वाटलं. देवकाबाई हसत होत्या, एकट्याच. रांग पुढे गेली होती आणि त्या मागे उभ्या राहून उभ्या धानाशी काहीतरी बोलत होत्या. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. ती नजर मला आजही आठवते. रोज सकाळी माझ्या दारात येणारं माणूस त्या डोळ्यांत नव्हतंच. विळा हातातून गळला. अंग थरथर कापायला लागलं, पोलकं घामानं भिजून अंगाला चिकटलं, आणि त्या गुडघ्यांवर बसून तिथंच कापलेल्या धानावर आडव्या झाल्या.

“आंगात आलं!” एक बाई किंचाळली. “तळ्यावरचं लागलं तिले!” दुसरी म्हणाली. सगळ्या मागे सरल्या. कुणी लिंबू आणायला धावली, कुणी पुजाऱ्याला बोलवायला. मी कशी पोहोचले मला माहीत नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तर ते ओल्या मातीसारखं गार. डोळे अर्धवट उघडे, ओठ काहीतरी पुटपुटत होते. मी ओरडत होते, “देवकाबाई, अहो देवकाबाई!” आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. आता ही बाई माझ्या मांडीवर मरणार, दुसरं काही मला सुचत नव्हतं.

त्यांना सावरून घेताना पदर सुटला आणि पदरातून भाकर खाली पडली. आख्खी भाकर. एक तुकडा मोडलेला, तोही तिथंच. रांगेसमोर तोंड हलवलं होतं ते नुसतंच.

भाकर बघितली आणि मला डॉक्टरांचं दुसरं वाक्य आठवलं. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. सकाळी गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली होती. “गूळ आणा!” मी ओरडले. “कुणाकडे गूळ आहे का?”

चहाच्या सामानात गूळ होता. चंद्रभागेनं पाण्यात खडा टाकला. तोवर भाऊ धावत आला होता. त्यानं तिचा हात धरला. “गोड नका देऊ! साखर हाय तिले! आईलेही गोड वर्ज होतं. देऊन मारता का?”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर लागले. मी बी.ए. झालेली, शहरात डॉक्टरांसमोर बसलेली, म्हणून मला माहीत असणार असं त्यांना वाटत होतं. मला काहीच नक्की माहीत नव्हतं. साखरेच्या आजारात साखर द्यायची हे तोंडातून काढायचीही भीती वाटत होती. दिलं आणि त्या गेल्या तर मी मारलं. न देता गेल्या तरी मीच मारलं. भाऊ रडत होता. मांडीवरचं डोकं जड होत चाललं होतं.

“द्या,” मी म्हटलं. “माझ्यावर राहू द्या, पण द्या.”

चंद्रभागेनं भावाचा हात बाजूला केला. देवकाबाईंना उठवून बसतं केलं, मी पाठीशी बसले, आणि ती बोटानं गुळाचं पाणी ओठांआड सोडत राहिली. थोडं सांडलं. थोडं गेलं. मग घसा हलला. अजून एक घोट. मला देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम त्यांची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली, दवाखान्यात झाली होती तशीच, आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “माहा इळा कुठं गेला व?”

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. साप मारणारी बाई मला थोपटत विचारत होती, “काय झालं पोरी? कोनी काही म्हटलं का?”

मग त्यांची नजर खाली पडलेल्या भाकरीवर गेली. त्यांनी आजूबाजूला उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

त्याच दिवशी ट्रकला हात करून आम्ही भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचाही चेहरा उतरला. ते म्हणाले, “अहो बाई, परत खाऊ नका हे मी बरणी घेऊन फिरणाऱ्या बाईला सांगितलं होतं. दिवसभर विळा चालवणाऱ्या बाईला नाही. गोळी साखर उतरवते, काम साखर उतरवतं, आणि तुम्ही पोटात काही टाकत नाही. मग उरणार काय? कामाच्या दिवशी कामाचं खायचं. गेलं तेवढं सगळं नाही, भूक भागेल एवढं. आणि गोळी घेतली तर उपाशी कधीच राहायचं नाही. अशा उपासानं माणूस तासाभरात जातं.” त्यांनी गोळी कमी केली आणि वाक्य आम्हा दोघींकडून म्हणवून घेतलं, शाळेत घेतात तसं.

देवकाबाईंनी त्याची आपली आवृत्ती केली. “इळ्याचं खाचं, खाटेचं नाही.” कामाच्या दिवशी एक भाकर जास्त, बसल्या दिवशी ती नाही. पुढे वसाहतीतल्या कितीतरी बायकांना त्यांनी हे सांगितलं. पण सांगायला सोपं. त्यांना प्रत्येक जास्तीच्या घासाची भीती वाटायची ती वाटतच राहिली. आधी न खाण्यानं सुई टळेल असं वाटायचं. आता खाल्लं तर सुई आणि न खाल्लं तर ती बांधी, अशी दोन्हीकडून भीती. घास हातात घेऊन त्या क्षणभर थांबायच्या, डोळे मिटायच्या, आणि मग खायच्या.

आठवड्यानं त्या परत कापणीला गेल्या. मी नको नको म्हणत असताना गेल्या, आणि मलाही ओढून नेलं. धुऱ्यावर रांग बसली. या वेळी चंद्रभागेनं फडकं बांधलं नाही की सोडलं नाही. ती सरळ देवकाबाईंसमोर येऊन उकिडवी बसली. “खाय.” त्यांनी घास घेतला. “गिळ.” गिळला. “आता तोंड उघड.” आणि पन्नाशीकडे झुकलेल्या, फॅक्टरीवाल्याच्या बायकोनं सगळ्या मजूर बायकांसमोर लहान पोरीसारखा आ केला. म्हातारीनं आत वाकून पाहिलं, जीभ वर करायला लावली, आणि मग रांगेकडे वळून म्हणाली, “झालं. जेवा व आता.” सगळी रांग हसली. देवकाबाईही हसल्या, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कापणी संपेपर्यंत रोज हा आ करावा लागला.

थंडी सरली तेव्हा नळी हिरवी होती. त्या वर्षी सुई टळली, पुढची काही वर्षंही टळली. मग एकदा आलीच. ज्या दिवशी पहिली सुई घ्यायची त्या दिवशी देवकाबाई पहाटेच अंघोळ करून, नवं लुगडं नेसून, देवाला दिवा लावून बसल्या होत्या, गावाला निघाल्यासारख्या. कंपाउंडरकडून मी शिकून घेतलं होतं. काचेची पिचकारी मी पातेल्यात उकळून घेतली. त्यांनी डोळे मिटले. मी टोचलं. बऱ्याच वेळानं त्यांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, “जित्ती आहो ना मी?” आहात, मी म्हटलं. “मंग थांब, चहा ठेवतो.” भीती गेली नाही, पण त्या दिवसानंतर त्यांनी आईचं नाव काढून सुईला शिव्या दिल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ह्यांची बदली झाली. सामान आधी गेलं होतं. शहापूरच्या थांब्यावर देवकाबाई आम्हाला सोडायला आल्या. बस येईपर्यंत सारखं बोलत होत्या. तिकडचं पाणी कसं, शेजार कसा, भोंगा असतो का. बस आली आणि त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी. “पोहोचेपावेतो ठेवू नको. आत्ता खाय.”

मी फडकं पिशवीत ठेवायला लागले. “बसमध्ये खाईन ना.”

“नाही. तू खाल्ल्याबिगर गाडी हालू देत नाही मी.” आणि खरोखरच दारातल्या दांडीला धरून त्या उभ्या राहिल्या. कंडक्टर ओरडला, मागे ट्रक भोंगे वाजवायला लागले, हे कानकोंडे झाले. मी तुकडा तोडला, रडत रडत चावला, गिळला. त्यांनी दांडी सोडली.

बस हलली तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला. उद्या सकाळी नळीचा रंग यांना कोण सांगणार? सुई घेतल्यावर या जेवल्या की नाही हे कोण बघणार? मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, “देवकाबाई, तुम्ही खाल्लं का?”

धुळीत उभ्या असलेल्या देवकाबाईंनी पदरात हात घातला. माझा जीव थरारला. पदरातून भाकर निघाली. त्यांनी एक मोठा घास घेतला, भर रस्त्यात, ट्रकवाल्यांसमोर, सावकाश चावला, गिळला. आणि मग दोन्ही हात कमरेवर ठेवून, मला लांबूनही दिसावा एवढा मोठा आ केला.